‘शून्यातून उभं राहणं’ म्हणजे नेमकं काय? लेना ब्रायंटच्या गोष्टीची समीक्षा



मागच्या व्याख्यानात आपण यशोगाथा या प्रकारावर बोललो. आम्ही त्यावर बरीच टीका केली. शेवटी मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, वाईट यशोगाथा घेऊन टीका करणं सोपं आहे. एखादी खरी, चांगली गोष्ट घ्या आणि तिच्यावर टीका करून दाखवा.” प्रश्न आवडला, आणि थोडा टोचलाही. कारण अशी एक गोष्ट आम्ही स्वतः कित्येक वर्षं वर्गात सांगत आलो होतो, आणि ती सांगताना कधी चिकित्सा केली नव्हती. आज तीच घेऊ.

आधी गोष्ट. लिथुएनियात रिएताव्हास नावाचं एक छोटं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तो मुलूख रशियन साम्राज्यात होता. तिथं एका ज्यू घरात लेना हिमेलस्टाइन जन्मली. आई बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत गेली, आजी-आजोबांनी वाढवलं. १८९५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, ती दूरच्या नातेवाइकांबरोबर न्यूयॉर्कला आली. या प्रवासामागं बेत असा होता की त्यांच्या मुलाशी तिचं लग्न लावायचं. तिनं सरळ नकार दिला. तिची थोरली बहीण आधीच तिथं होती, तिच्याकडं राहिली आणि कपडे शिवण्याच्या कारखान्यात लागली. सुरुवातीला आठवड्याला एक डॉलर मिळायचा, चार वर्षांत पंधरा डॉलर मिळू लागले.

१८९९ मध्ये डेव्हिड ब्रायंट नावाच्या जवाहिऱ्याशी तिचं लग्न झालं. मुलगा झाला. तो तान्हा असतानाच नवरा क्षयानं वारला. मागं काय राहिलं? एक मूल आणि हिऱ्याच्या कुड्या. त्या कुड्या तिनं गहाण टाकल्या आणि शिवणयंत्राचा पहिला हप्ता भरला. घरी बसून नवरीचे नाजूक कपडे शिवू लागली. १९०४ मध्ये फिफ्थ अव्हेन्यूच्या वरच्या टोकाला, म्हणजे श्रीमंत भागात नव्हे तर हार्लेमच्या बाजूला, एक दुकान भाड्यानं घेतलं. पुढं दुकान, मागं बिऱ्हाड. बँकेत खातं उघडताना घाबरून तिनं फॉर्मवर ‘लेना’ऐवजी ‘लेन’ लिहिलं. चूक दुरुस्त करायचा संकोच वाटला, म्हणून दुकानाचं नाव पडलं ‘लेन ब्रायंट’. आजही अमेरिकेत त्या नावाची दुकानं आहेत.

एक दिवस एक गरोदर बाई आली. म्हणाली, बाहेर रस्त्यावर घालून जाता येईल असं काहीतरी शिवून द्या, चारचौघांत बरं दिसेल आणि आत जीव घुसमटणार नाही. लेनानं कमरेला इलॅस्टिक आणि खाली बारीक चुण्यांचा घोळ असलेला झगा शिवला. पोट वाढेल तसा तोही वाढणार. मागणी आली. पण वर्तमानपत्रं जाहिरात घ्यायला तयार नव्हती, कारण गरोदरपण ही छापायची गोष्ट नव्हती. शेवटी १९११ मध्ये ‘न्यूयॉर्क हेरल्ड’नं जाहिरात छापली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दुकानातला माल संपला. पुढं स्थूल बायकांसाठी तयार कपडे आले, टपालानं विक्री आली, शाखा आल्या. १९२३ पर्यंत वर्षाची उलाढाल पन्नास लाख डॉलरवर गेली. १९५१ मध्ये ती वारली.

ही झाली गोष्ट. ती सांगून झाली की आम्ही वर्गात म्हणायचो, “बघा, जिद्द असली की काय होतं!” आणि तास संपायचा.

एकदा संध्याकाळी ही गोष्ट आम्ही घरी आत्याला सांगितली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सव्वीसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या सोप्यात तिचं पायमशीन असायचं. ते जुनं मशीन तिनं गुजरीत पाटल्या मोडून घेतलेलं. तिची गोष्ट इथपर्यंत लेनाचीच. तीस वर्षं ती पोलकी, परकर, झबली-टोपडी, उशांचे अभ्रे शिवत होती. हात इतका साफ की उलट्या बाजूनंही शिलाई बघत राहावी. तिनं आमची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली, सुईत दोरा ओवता ओवता, आणि एवढंच विचारलं, “तिला दुकानाला जागा कुणी दिली रे?”

आम्ही तत्त्वज्ञानात पीएच.डी. केलेली. पण त्या गोष्टीला विचारायचा पहिला प्रश्न आम्हाला सुचला नव्हता, तो तिला सुचला.

तर आजच्या समीक्षेची सुरुवात तिथून करू. आमची टीका लेना ब्रायंटवर नाही, आम्ही ती गोष्ट ज्या पद्धतीनं सांगतो त्या सांगण्यावर आहे.

‘शून्यातून’ हा शब्द आधी घेऊ. लेनाकडं शून्य होतं का? मोजून बघा. डोक्यावर छप्पर होतं, बहिणीचं. हातात कसब होतं, ते कारखान्यातल्या चार वर्षांत आलेलं. कुड्या होत्या. यंत्र हप्त्यानं मिळत होतं. सिंगर कंपनीनं हप्त्यानं यंत्र विकण्याची पद्धत १८५६ मध्येच सुरू केली होती. म्हणजे पूर्ण पैसे नसलेल्या बाईला यंत्र मिळण्याची सोय तिच्या जन्माआधीच झालेली होती. बँकेत जे पैसे भरायला ती गेली होती, ते तीनशे डॉलर कुठले? बहिणीच्या नवऱ्यानं दिलेले. जागा भाड्यानं द्यायला एक घरमालक तयार होता आणि विधवा बाई दुकानाच्या गल्ल्यावर बसते म्हणून तिथं कुणी नाक मुरडत नव्हतं, निदान धंदा बंद पडेल इतकं नाही. पुढं १९०९ मध्ये तिनं अल्बर्ट माल्सिन या इंजिनिअरशी लग्न केलं. धंद्याचा हिशेब आणि विस्तार त्यानं हातात घेतला.

यातून लेनाचं कर्तृत्व कमी होत नाही. कर्तृत्व कशाच्या आधारावर उभं राहिलं ते दिसतं, एवढंच. आणि ते दिसलं पाहिजे, कारण दिसलं नाही तर काय होतं? तर आमच्या आत्याची जिद्द कमी पडली असं आपोआप ठरतं. यशोगाथा दुसऱ्या कुणाबद्दल वाईट बोलत नाही. पण जी माणसं तेवढीच राबली आणि दुकानापर्यंत पोचली नाहीत, त्यांच्यावर ती न बोलता निकाल देऊन मोकळी होते. आत्याला पेठेत जागा मिळाली नसती असं नाही. पण विधवा बाईनं रस्त्यावर दुकान मांडून बसायचं, हे आमच्या घरालाच चाललं नसतं. तिला अडवणारे परके नव्हते. आम्ही होतो.

भांडवल असलं म्हणजे भागतं का? तर तसंही नाही. त्याचं उदाहरण मुंबईतच आहे, आणि तेही एका ज्यू बाईचं. ज्यू म्हटल्यावर आपल्याला आधी आठवतात ते कोकणातले बेने इस्राएल, मराठी बोलणारे. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. दुसरे बगदादी ज्यू, त्यांतलं मोठं घराणं ससूनांचं. मूळ पुरुष डेव्हिड ससून १८३० च्या दशकात बगदादकडून मुंबईला आले. पुण्याचं ससून रुग्णालय त्यांच्याच नावाचं. कापूस, अफू, कापडगिरण्या, सगळ्यांत या घराण्याचा हात होता. त्यांचे पुत्र सॉलोमन १८९४ मध्ये वारले, तेव्हा मुंबईचा कारभार त्यांच्या पत्नी फ्लोरा ससून यांनी हातात घेतला आणि काही वर्षं समर्थपणे चालवला. अनेक भाषा येणारी, धर्मग्रंथ जाणणारी, प्लेगच्या काळात हाफकिन यांच्या लशीच्या पाठीशी उभी राहिलेली ही बाई. पुढं १९०१ च्या सुमारास कुटुंबानं पेढीची मर्यादित कंपनी केली, फ्लोराबाईंच्या हातातला अधिकार गेला आणि त्या लंडनला निघून गेल्या. म्हणजे पैसा होता, बुद्धी होती, अनुभव होता. पण पेढी घराण्यातल्या पुरुषांची होती. लेनाजवळ यातलं काही नव्हतं, पण दुकान तिचं होतं. पाटीवर चुकीचं का होईना, तिचं नाव होतं.

आता दुसरी गोष्ट, गिऱ्हाईक. दुकान कशानं चालतं, तर माणूस उंबरा ओलांडून आत येतो म्हणून. कोल्हापूरच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा त्यांच्यात काही उणं नव्हतं. चहा चांगलाच होता. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी येईना. मग शाहू महाराजांनी आपली गाडी तिथं थांबवली, चहा मागवला, स्वतः प्यायले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. महाराजांनी तिथं गिऱ्हाईक व्हायचं ठरवलं, आणि त्या दिवशी तेवढंच हवं होतं. नुसत्या गंगारामांच्या जिद्दीची गोष्ट सांगितली तर ती अर्धी होते, आणि नुसती महाराजांची सांगितली तरीही अर्धीच.

लेनाच्या दुकानात ती गरोदर बाई का आली असेल? इथं आम्हाला जॉर्ज झिमेल या जर्मन विचारवंताची मदत होते. त्यानं १९०८ मध्ये ‘परका’ या विषयावर काही पानं लिहिली. त्याच्या मते परका म्हणजे आज येऊन उद्या निघून जाणारा वाटसरू नव्हे. आज येतो आणि उद्याही राहतो, तो परका. जवळ असतो, पण आपल्यातला नसतो. अशी माणसं बहुतेकदा व्यापारात असतात, आणि झिमेलनं उदाहरण दिलं तेही युरोपातल्या ज्यूंचंच. पुढं तो म्हणतो की अशा माणसाजवळ लोक मन मोकळं करतात. घरच्यांना जे सांगता येत नाही ते त्याला सांगतात, कारण तो आपल्या नात्यागोत्याच्या जाळ्यात नाही.

आता ती बाई आठवा. गरोदरपण लपवायचं, शेवटचे महिने घरात बसून काढायचे, ही त्या काळच्या तिथल्या सभ्य घरातली रीत. सासूला ती म्हणू शकत नव्हती, की मला बाहेर फिरायचंय. हे तिनं सांगितलं एका परक्या शिवणकाम करणाऱ्या बाईला, जी स्वतः एक बाळंतपण आणि एक मरण बघून बसली होती. स्थलांतरित असणं ही लेनाची अडचण होती, हे आपण नेहमी सांगतो. तीच तिची बसायची जागाही होती, हे सांगत नाही. आमच्या आत्याचं उलट होतं. तिची सगळी गिऱ्हाइकं ओळखीची. ओळखीच्या बाईकडं पैसे मागायचे कसे? “असू दे वहिनी, सवडीनं द्या” यात तिची निम्मी शिलाई गेली. गल्लीची माया होती, पण त्या मायेत उधारी वसूल होत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडं येऊ. तो म्हणजे माप.

शिंपी काय करतो? टेप घेऊन तुमच्याजवळ येतो. खांदा, छाती, कंबर घेतो, आणि जसे तुम्ही तसा कपडा बेततो. एक खांदा उतरता असेल तर गुपचूप तिथं थोडं भरतो. शिलाईत कापड आत सोडतो, पुढंमागं अंग सुटलं तर उसवून मोठं करता यावं म्हणून. इथं शरीर आधी, माप नंतर. तयार कपड्यात हे उलटं होतं. माप आधीच ठरलेलं असतं, कुठल्या तरी कारखान्यात, आणि शरीरानं त्यात जाऊन बसायचं असतं. बसलं तर ठीक. नाही बसलं तर आपण काय म्हणतो? “मला होत नाही.” कपडा चुकला असं म्हणत नाही. ट्रायल रूममधून बाहेर आलेली मुलगी कंपनीवर चिडत नाही, स्वतःवर चिडते. तिथं कपड्याची चूक शरीराच्या खात्यावर मांडली जाते.

आपल्याकडं हा प्रश्न उशिरा आला, कारण आपल्याकडं साडी होती. नऊवारीला साइज नसते. तेच लुगडं सडपातळ मुलगी नेसते, सातव्या महिन्यातली लेक नेसते आणि भरल्या अंगाची आजीही नेसते. निऱ्या कमी-जास्त होतात, एवढंच. डोहाळजेवणाला आपण हिरवी साडी नेसवतो, फुलं माळतो, झोपाळ्यावर बसवतो, वाढलेलं पोट कुणी लपवत नाही. म्हणून आम्ही फार सुधारलेले होतो असं मुळीच म्हणायचं नाही. त्याच लुगड्यात आमच्या विधवांचं काय केलं ते वर आलंच. पण वस्त्र म्हणून ते अंगाला हुकूम सोडत नव्हतं. माप लागायचं फक्त पोलक्याला. आता कुर्ती आली, जीन्स आली, आणि महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत प्रत्येक दुकानात एल, एक्सएल, डबल एक्सएल. ‘फ्री साइज’ लिहिलेलं असतं आणि ते कुणालाच धड होत नाही.

ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात एक दृष्टांत दिला आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी दगड मोजायला शिशाची पट्टी वापरत. लाकडी किंवा लोखंडी पट्टी ताठ असते, दगडाला उंचवटा असेल तर ती तिथं टेकत नाही. शिशाची पट्टी दगडाच्या अंगानं वाकते. ॲरिस्टॉटल हे कायद्याबद्दल सांगत होता. कायदा सर्वांसाठी एकच असतो, आणि म्हणूनच कधीकधी एखाद्या माणसाच्या बाबतीत चुकतो. तेव्हा न्यायाधीशाला शिशाच्या पट्टीसारखं वाकता आलं पाहिजे. असं वाकणं ही न्यायातली ढिलाई नाही, उलट तो अधिक चांगला न्याय आहे, असं त्याचं म्हणणं.

लेना ब्रायंटचं खरं काम इथं आहे, असं आम्हाला वाटतं. एकेका बाईचं माप घेऊन शिवणं हे तर कुठलाही शिंपी करतो. आणि ठरावीक मापाचे कपडे ढिगानं करणं हे कुठलाही कारखाना करतो. तिनं आणि माल्सिननं विचारलं ते असं, की कारखान्याचीच पट्टी शिशाची करता येईल का? गरोदर बाईच्या झग्यातलं इलॅस्टिक म्हणजे अक्षरशः वाकणारी पट्टी. स्थूल बायकांच्या कपड्यांसाठी माल्सिननं दुकानात येणाऱ्या सुमारे साडेचार हजार बायकांची मापं घेतली, शिवाय एका विमा कंपनीकडच्या सुमारे दोन लाख बायकांच्या नोंदी अभ्यासल्या. त्यातून दिसलं की ‘जाड बाई’ असा एकच नमुना नसतो. कुणी खांद्यात भरलेली, कुणी कमरेत, कुणी सगळीकडं सारखी. लहान कपडा नुसता चहूबाजूंनी मोठा करून चालत नाही, तो मुळातच वेगळा बेतावा लागतो. बाजाराला वाटत होतं की या बायका अपवाद आहेत. मोजल्यावर कळलं की त्या लाखांनी आहेत; त्यांना कुणी मोजलंच नव्हतं.

म्हणजे बघा, आम्ही गोष्टीत काय सांगत होतो? कुड्या, हप्ता, चुकलेलं नाव. यातलं बरंचसं त्या काळच्या हजारो स्थलांतरित बायकांचं सारखंच होतं. आणि जे खरोखर तिचं होतं, बाहेर राहिलेल्या शरीरांसाठी माप हलवणं, ते आम्ही एका वाक्यात उरकत होतो.

पण इथंही टीका थांबवायची नाही. माप हललं, नजर हलली का? त्या काळच्या त्यांच्या जाहिराती बघितल्या तर कपड्याचा मोठा गुण म्हणून काय सांगितलं जायचं? की यात तुम्ही सडपातळ दिसाल. म्हणजे बाईला तिच्या अंगाचा कपडा मिळाला, पण तुझं अंग झाकण्यासारखं आहे ही समजूत तशीच राहिली, किंबहुना तीच विकायला उपयोगी पडली. गरोदर बाई रस्त्यावर आली, पण पोट कळू नये अशा बेतानं. याला आम्ही लबाडी म्हणणार नाही. लाजेनं घरात कोंडलेल्या माणसाला आधी दाराबाहेर यावं लागतं, आणि लाज जाईपर्यंत थांबलं तर ते कधीच बाहेर येत नाही. व्यापार दार उघडू शकतो. लाज घालवणं त्याच्या आवाक्यातलं नाही, कदाचित सोयीचंही नाही. ते काम शिक्षणाचं, घराचं, आणि थोडं आपल्यासारख्या बोलणाऱ्यांचं.

शेवटचा मुद्दा, आणि तो आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९११ साल. ज्या वर्षी ‘हेरल्ड’मध्ये ती जाहिरात आली, त्याच वर्षी २५ मार्चला न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. कारखाना इमारतीच्या वरच्या मजल्यांवर. बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद. १४६ माणसं मेली, त्यांतल्या बहुतेक तरुण मुली, ज्यू आणि इटालियन, लेनासारख्याच बोटीनं आलेल्या, लेनानं केलं तेच काम करणाऱ्या. आणि कारखान्याचे मालक कोण? मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस. तेही रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू स्थलांतरित, तेही शिवणकामातून वर आलेले. त्यांच्यावर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले.

तेव्हा ‘शून्यातून उभे राहिले’ हे वर्णन ब्लँक आणि हॅरिस यांनाही तंतोतंत लागू पडतं. आगीच्या आदल्या दिवशी कुणी त्यांच्यावर व्याख्यान दिलं असतं तर हेच शब्द वापरले असते, टाळ्याही पडल्या असत्या. वर येणं हे माणसाच्या चांगुलपणाचं प्रमाणपत्र नाही. वर आल्यावर तो दार उघडं ठेवतो की कुलूप घालतो, हे बघावं लागतं. लेना ब्रायंटच्या कंपनीनं नोकरांना नफ्यात वाटा दिला, निवृत्तिवेतन आणि वैद्यकीय मदत दिली. एखाद्या आपत्तीत गिऱ्हाइकाचे कपडे नष्ट झाले तर रेडक्रॉसच्या मदतीनं नवे पुरवायची पद्धत ठेवली. आठवड्याला एक डॉलर मजुरी काय असते, हे ती विसरली नव्हती, असा अर्थ आम्ही यातून घेतो. गोष्ट सांगायचीच, तर हा भाग शेवटी घाईघाईनं नको, मध्यावर पाहिजे.

आणि हे सगळं फार लांबचं आहे असं समजू नका. १९०४, म्हणजे लेनाचं दुकान उघडलं तेच साल. त्याच साली आपल्या शेजारी इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, कोल्हापुरात शाहू मिल उभी राहिली. या मुलखानं शंभर वर्षं कापड विणलं. त्या यंत्रमागांच्या मालकांची नावं आपल्याला माहीत आहेत. त्या कापडाच्या कांड्या भरणाऱ्या बायकांची किती नावं ठाऊक आहेत? आम्हाला तर एकही ठाऊक नाही.

इतकंच बोलायचं होतं. कुणाचा प्रश्न?

(एका श्रोत्याने विचारले : सर, मग यशोगाथा सांगायच्याच नाहीत का? आमच्या बचत गटातल्या बायकांना अशा गोष्टींनी धीर येतो.)

सांगा, जरूर सांगा. धीर ही लहान गोष्ट नाही, आणि आम्ही म्हातारे लोक चिकित्सेच्या नादात ती काढून घेऊ नये. फक्त सांगताना तीन प्रश्न जोडा. पहिला, तिला जागा कुणी दिली? दुसरा, तिच्याकडं पहिलं गिऱ्हाईक का आलं? तिसरा, वर गेल्यावर तिनं दाराचं काय केलं? हे प्रश्न जोडले की गोष्ट ऐकणारी बाई नुसती “मी कमी पडले” म्हणत घरी जाणार नाही. कदाचित ती गटाच्या पुढच्या बैठकीत म्हणेल, की आपल्यातल्या अमकीच्या दुकानाला जागा बघायची आहे, चला. आणि बाकीच्या म्हणतील, पहिला कपडा आम्ही घेतो, रोखीनं.

यातला पहिला प्रश्न आमचा नाही, आत्याचा आहे. तिचं मशीन अजून घरात आहे, अधूनमधून तेल घालतो. तिनं विचारलं त्या संध्याकाळी आम्ही हसून विषय बदलला होता. तिला उत्तर द्यायला आम्हाला पुष्कळ उशीर झाला.